तिसरं मत

चूक न्यायमूर्ती सायलसचीच होती, आणि जाब मात्र तो म्हाताऱ्या गुरूला विचारत होता.

"पत्र लिहिताय की नाही, गुरुजी? तिसऱ्यांदा आलोय."

गुरुजी म्हणजे ॲमॉस पेल. याच वकिलाच्या कचेरीत चार वर्षं कागदपत्रांच्या नकला करून सायलस कायदा शिकला. अमेरिका तेव्हा नवी होती, कायद्याचं कॉलेज कुठलं असायला. पुढे तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बसला आणि तेवीस वर्षं घोड्यावरून गावोगाव न्याय करत फिरला.

आता मुख्य न्यायमूर्तींची जागा रिकामी होती. गव्हर्नरनं तीन जुन्या वकिलांचं मत मागवलं. एक म्हणाला, हो. दुसरा म्हणाला, मेलो तरी नाही. तिसरा ॲमॉस, आणि तो खुशाल पिसाची लेखणी तासत बसला होता.

सायलसचं डोकं फिरलं. तेवीस वर्षांत आपला एकही निकाल अपिलात उलटला नाही, हे त्यानं पुन्हा एकदा ऐकवलं.

उलटणार कसा? त्या राज्यात न्यायमूर्ती मुळात तीनच. गावात निकाल द्यायचा एकानं, आणि अपील ऐकायला राजधानीत बसायचे तिघं. त्या तिघांत तोही. कुणाला यात वावगं वाटत नव्हतं. मोठ्या माणसांना कशात वाटतं म्हणा.

"त्या केलबचं अजून मनात धरलंयत ना?"

केलब नावाडी. नदीवरचा त्याचा धक्का सायलसनं काढून गिरणीवाल्याला दिला होता. अपिलात एक न्यायमूर्ती केलबच्या बाजूनं गेला, एक विरुद्ध. तिसरा सायलस, आणि त्यानं आपलाच निकाल कायम केला. केलबचा वकील ॲमॉसच होता.

ॲमॉसनं कोरा कागद पुढे सरकवला. तासलेली लेखणी त्यावर ठेवली.

"लायक आहेस की नाही, ते तूच लिही. मी न वाचता सही करतो."

सायलसनं रागारागानं लेखणी शाईत बुडवली. कागदावर टेकवली...

"स्वतःच्या बाबतीत स्वतःच मत द्यायचं? हा काय पोरखेळ आहे, गुरुजी?"



शाईचा ठिपका कागदावर पसरत गेला.

सायलसनं लेखणी खाली ठेवली. टोपी उचलली. दारात थांबला.

"म्हणजे खुर्ची गेलीच म्हणायची."

"गेली," ॲमॉस म्हणाला. "एका मतानं."