गोमित्राचे आवळ्याचे मडके

फार पूर्वी वेत्रपुरात दृढरथ राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्वाने तेथे सुमुख नावाच्या गृहस्थाचा जन्म घेतला होता. त्याच्या परसात आवळ्याची नऊ झाडे होती. शरद ऋतू सरत आला की सुमुख आणि त्याची पत्नी रोहिता आवळे हाताने तोडीत, काट्याने टोचीत, वाफवीत आणि मधात घालून मडक्यांची तोंडे मेणाने बंद करीत. हिवाळ्यात नगरात खोकल्याची साथ येई. मग गल्लीतली माणसे वाट्या घेऊन त्यांच्या दारी येत, आणि सुमुख कोणालाही नाही म्हणत नसे.

घरात सुमुखाचे वृद्ध पिता गोमित्र होते. त्यांना आता धड काही आठवत नसे. आवळा मुरला की नाही हे पाहण्यासाठी ते मेण खरवडून काढीत आणि ओला हात मडक्यात घालीत. चार दिवसांत मधावर बुरशी धरे. मागच्या वर्षी अशी कितीतरी मडकी उकिरड्यावर गेली होती, आणि खोकणारी माणसे रिकाम्या वाट्या घेऊन परतली होती.

या वर्षी सुमुखाने आधीच सांगितले, "बाबा, मडकी उघडायची नाहीत."

"मी कशाला उघडू?" गोमित्र म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दोन मडकी उघडी सापडली.

"बाबा, परवा काय सांगितलं होतं?"

"उघडलं नाही रे. नुसतं बघितलं."

सुमुखाने कोठीला कडी घातली. गोमित्रांनी ती काढली. सुमुखाने मडकी माळ्यावर चढवली, तर गोमित्र शिडी लावून वर गेले, आणि त्यांना खाली उतरवायला शेजारचे तिघे बोलवावे लागले. त्यांच्या दाढीला मध लागला होता. उलट तेच सुमुखाला म्हणाले, "कोणीतरी मडकं उघडलंय बघ. जरा लक्ष ठेवत जा."

रोहिता वैतागली. "अहो, मामंजींना वन्संच्या गावी पाठवा, हिवाळा संपेपर्यंत. नाहीतर मला तरी पाठवा."

सुमुखालाही ते पटले. त्याच दिवशी पाचवे मडके फेकताना तो पित्यावर मोठ्याने ओरडला होता, आणि राग अजून उतरला नव्हता. दुसऱ्या सकाळी त्याने गाडी जुंपली.

गोमित्र हसत हसत गाडीत चढले. त्यांच्या काखेत आवळे तोडायची टोपली होती.

"टोपली कशाला, बाबा?"

"तिकडचे आवळे काढायचे राहिले असतील ना? इथे तू मला कशालाच हात लावू देत नाहीस."

सुमुख हातात कासरा धरून तसाच बसला. गेल्या दोन वर्षांत त्याने पित्याच्या हातून आधी टोपली काढून घेतली होती, मग काटा, मग मधाची पळी. म्हाताऱ्या हातांना मडकी उघडून बघण्याखेरीज काही कामच उरले नव्हते. त्याने खाली उतरून बैल सोडले.

"आता काय झालं?" रोहितेने दारातून विचारले.

"बाबा इथेच राहतील."

"आणि मडकी?"

"बघतो मी."

त्याने एका लहान मडक्यात आवळे आणि मध भरला, तोंड उघडेच ठेवले आणि ते पित्याच्या अंथरुणाशी ठेवले. "बाबा, हे तुमचं. रोज बघून मला सांगायचं, मुरलं का."

गोमित्र रोज सकाळी त्यात हात घालीत, चाटून पाहत आणि म्हणत, "अजून नाही." दर तीन-चार दिवसांनी बुरशी येई. सुमुख नासलेले काढून टाकी, मडके उकळत्या पाण्याने धुई आणि पुन्हा भरी. हे करताना तो पुटपुटे, कधी मडके आपटेही. पण ते त्याने तिथून हलवले नाही. कोठीतल्या मडक्यांचे मेण गोमित्रांनी त्यानंतर एकदाच खरवडले.

हिवाळ्यात खोकल्याची साथ आली तेव्हा प्रत्येकाची वाटी भरली. गोमित्र दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्या मुलाला अजून नीट जमत नाही. पण घ्या, चालेल."

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचे गोमित्र म्हणजे विहारातल्या तेलाच्या कुप्या पुन्हा पुन्हा उघडणारा हा वृद्ध वप्पिल. रोहिता म्हणजे आज सकाळी त्याचे गाऱ्हाणे घेऊन आलेला भांडारी सोमिल. आणि सुमुख मीच होतो. चीड मलाही येत असे. ती येऊनही मी मडके धूत राहिलो. क्षांती, म्हणजे सहनशीलता, ती हीच."