आम्ही तुमच्या मागे आहोत

परदेशी मदतसंस्थेचे सबनीस साहेब पाड्यावर आले, तेच मुळी पवळीबाई भोयेच्या बैलगाडीतून. ओढ्यात जीप घालायला त्यांचा ड्रायव्हर धजेना. याच ओढ्यापाशी गेल्या पावसाळ्यात पवळीची पोटुशी सून दवाखान्याच्या वाटेवर अडकली आणि तिथेच गेली. तेव्हापासून पवळीच्या महिला मंडळाचं मागणं एकच होतं, ओढ्यावर साकव.

साहेबांनी चहा संपवून घसा खाकरला. "हे बघा पवळीबाई, यंदा पैसा साकवाला नाही, नेतृत्व-शिबिराला आहे. विषय तिकडूनच ठरून येतो, शिकवणारेही आमचेच. पण पुढारपण संपूर्ण तुमचं हं! तुम्ही पुढे व्हा, आम्ही तुमच्या मागे भक्कम उभे आहोत."

पवळीच्या डोळ्यांसमोर सून आली. तिने पदर खोचला.

"साहेब, येताना गाडीत सगळ्यात पुढे कोण होतं?"

"कोण म्हणजे? बैल!"

"आन् कासरा?"

"तुमच्या हातात."

"मग माझे बैल पुढारीच की! चाबूकसुद्धा त्यांना मागूनच बसतो."

बायका खदखदून हसल्या. साहेबही कसनुसं हसले आणि घड्याळ बघत उठले. "बरं, गाडी जुंपा आता."

"बैल शिबिराला बसलेत, साहेब," पवळीने ओढ्याकडे बोट केलं. "तुम्ही पुढे व्हा. आम्ही तुमच्या मागे भक्कम उभ्या आहोत."

बूट हातात धरून साहेब पाण्यात उतरले. पाणी मांडीला लागलं तसं त्यांनी घाबरून मागे पाहिलं. काठावर सगळ्या बायका उभ्या होत्या, आणि आता एकही हसत नव्हती.