गाठ न मारता शिवलेली पोथी

एका राज्यात एक राजा होता, शीघ्रसेन त्याचं नाव. नावासारखाच उतावळा. त्याच राज्यात, वेशीच्या आत, चिमाबाई पटवेकरीण राहत होती. दागिने रेशमात गुंफायचे, काळ्या मण्यांच्या पोती ओवायच्या, हा तिचा धंदा. तिला नवरा होता रायबा, मुलगी होती पोवळी, आणि दारात मांडव होता. मांडव होता, नवरामुलगा होता, वऱ्हाड होतं. लग्न मात्र लागत नव्हतं. का लागत नव्हतं, ते ऐका.

जटाभैरव नावाचा मांत्रिक तपाला निघाला. त्याच्यापाशी एक पोथी होती. घडीची सुटी पानं, वरखाली दोन लाकडी फळ्या, भोवती रेशमी दोरी, दोरीला गाठ. ती राजाच्या हाती देऊन तो म्हणाला, "राजा, सांभाळ. उघडावीशी वाटली तर उघड. पण गाठ बोटांनी सोड आणि वाचून झालं की बोटांनी बांध."

राजा म्हणाला, "एवढंच ना?"

मांत्रिकाची पाठ वळते न वळते तोच राजाला पोथी उघडावीशी वाटली. गाठ होती घट्ट. नखं लावली, दात लावले, पण धीर कोण लावणार? उपसली तलवार, तोडली दोरी. पहिल्या पानावरची पहिली ओळ वाचली, तेवढ्यात भूक लागली, पोथी उघडीच टाकून गेला जेवायला. वारा आला. पानं उडाली. खिडकीबाहेर पडता पडता पानापानाची साळुंकी झाली, आणि जो तो पक्षी आपली ओळ म्हणत झाडावर जाऊन बसला.

मांत्रिक परतला. रिकाम्या फळ्या पाहिल्या. म्हणाला, "राजा, तू माझी एक गाठ तोडलीस. आता तुझ्या राज्यात एकही गाठ टिकणार नाही. माझी पोथी शिवून माझ्या हातात येईल, तेव्हा शाप उतरेल."

"पण महाराज, गाठीवाचून पोथी शिवायची कशी?"

"ते तुझं तू बघ," म्हणाला, आणि राजाच्याच अंगणात बैठक मारून बसला. वर दोन्ही वेळा खीर मागू लागला.

राज्यात नुसता वैताग झाला. बाजांचे सुंभ सुटले, निजलेली माणसं भुईवर आली. शिंकी सुटली, दह्याची गाडगी डोक्यात पडली. हत्ती सुटले, ते भाजीबाजारात मुळे खात हिंडू लागले. पुरुषांनी एका हातानं धोतर धरायचं आणि उरलेल्या हातानं काम करायचं. रायबानं तर दोन्ही हातांनी धरलं होतं, म्हणजे त्याला काही सांगायची सोयच उरली नाही.

आणि पोवळीचं लग्न! तीनदा अंतरपाट धरला, तीनदा अक्षता पडल्या, तीनदा नवऱ्यामुलानं, हणमानं, तिच्या गळ्यात पोत बांधली. तीनदा गाठ सुटली आणि काळे मणी सगळ्या मांडवभर झाले. गळ्यात पोत टिकली नाही तर लग्न लागलं असं म्हणायचं कसं? वऱ्हाड हलेना. बसून जेवत होतं. विहीण ठकूबाई पहिल्या पंगतीला.

एक दिवस ठकूबाईनं घासातून काहीतरी काढून पाटाशी ठेवलं. "चिमाबाई, भातात खडे पुष्कळ पाहिले. मणी तुमच्याकडेच पाहिला."

"खडा असता तर तुमच्याआधी तुमच्या दातांनी सांगितलं असतं."

"बोला, बोला. पण ऐकूनही घ्या. येत्या पुनवेपर्यंत पोत गळ्यात टिकली, तर पोवळी माझी सून. नाहीतर पोरगा घेऊन मी निघाले."

हणमानं मान खाली घातली. पोवळी वाकून पाटाखालचे मणी वेचत राहिली. ते पाहून चिमाबाई तरातरा राजवाड्यावर गेली.

"महाराज, तोडली तुम्ही आणि भोगायचं आम्ही?"

राजा एका हातानं मुकुट आणि एका हातानं कमरेचा शेला धरून बसला होता. "बाई, मला ओरडू नकोस. मांत्रिक ओरडतो, राणी ओरडते. तुला जमत असेल तर तू शिव."

"शिवते. पानं कुठे आहेत?"

"झाडावर."

चिमाबाईनं फळ्या काखेत मारल्या आणि झाडाखाली उभी राहिली. "उतरा गं!"

साऱ्या साळुंक्यांत जी पुढे पुढे करत होती, ती पोथीचं पहिलं पान. तिनं मान तिरकी केली. "उतरू. पण आम्हाला लोखंडाची सुई टोचते. साळिंदराचा काटा आण. कोरा दोरा आम्हाला कापतो. त्याला आग्या मोहोळाचं मेण आण. आणि आमच्या पाठीवर शोभा हवी. नागाच्या ठेव्यातले मोती आण."

"झालं? का पालखीही हवी?"

"पालखी असेल तर बरंच," साळुंकी म्हणाली, आणि वाट दाखवायला म्हणून येऊन तिच्या खांद्यावर बसली.

साळिंदर टेकडीच्या बिळात होता. म्हणाला, "काटा देईन. आधी माझी पाठ खाजव. जन्मात कोणी खाजवली नाही."

"कशी खाजवतील?" असं म्हणत चिमाबाईनं केसातली फणी काढली आणि काट्यांच्या मुळाशी हलकेच फिरवू लागली. तो डोळे मिटून घोरायला लागला. जागा झाला, तेव्हा त्यानं आपल्या हातानं सगळ्यात बारीक काटा काढून दिला.

आग्या मोहोळ कड्याला लोंबत होतं. माश्या म्हणाल्या, "मेण ने. पण तोंडातून कुरकुरीचा एक शब्द निघाला, तर आम्ही सगळ्या एकदम येऊ."

आता हे चिमाबाईला सांगणं म्हणजे नदीला थांब म्हणणं. ती चढू लागली, आणि खांद्यावरची साळुंकी सुरू झाली. "चिमे, पाय चुकला. चिमे, पदर लोंबतोय. चिमे, विहीणबाई आत्ता काय म्हणत असतील गं?" चिमाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. डोळे लाल झाले, कान लाल झाले, पण शब्द बाहेर पडला नाही. मेण घेऊन खाली आली, बोळा काढला, आणि साठलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. ते ऐकून वाटेवरचं एक माकड झाड बदलून बसलं.

नाग होता पडक्या विहिरीच्या तळाशी. तिला पाहून तो फुत्कारला नाही. हुश्श केलं.

"आलीस? सगळे ने. पोतडीत बांधून ठेवले होते. तिचं तोंड सुटलं, तेव्हापासून सांडलेले मोती गोळा करतोय. आणि मला हात नाहीत, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल."

"आलं."

"पण सांगतो. या ठेव्याला शाप आहे. नेणाऱ्याच्या हाती लागतात, कामी येत नाहीत."

"शाप कोणाला नाही इथे?" म्हणत चिमाबाईनं मोती पदरात भरले, पदराचं टोक मुठीत आवळलं आणि घर गाठलं.

पुनवेचा दिवस उजाडला होता. वऱ्हाडाच्या गाड्या भरत होत्या, म्हणजे भरलेलं सामान दोर सुटून खाली पडत होतं आणि पुन्हा भरलं जात होतं. चिमाबाई मांडवात बसली. साळुंक्या उतरल्या. फळीवर बसून पंख मिटले की साळुंकीचं पान होई, मधोमध घडी पडलेलं. चिमाबाईनं मोती हातात घेतला, काट्याचं टोक लावलं, आणि तिचा हात थांबला. मोत्याला वेजच नव्हतं, दोरा जायला भोकच नव्हतं. दुसरा घेतला. त्यालाही नव्हतं. एकालाही नव्हतं. टोचायला गेली तर भोक पाडायचा सामता मोडला, मोती तसाच.

"अगं बाई गं! साळिंदराची पाठ खाजवली, जीभ गिळून कडा चढले, ती या वाटाण्यांसाठी?" तिनं मोती ढकलून दिले. "शोभा राहू दे. नुसती शिवते."

मेण ओढलेला दोरा काट्यात ओवला, टोकाला गाठ मारली, घडीतून काटा पार केला. ओढला. गाठ सुटली, दोरा सरकन् सगळा बाहेर आला, पानाची साळुंकी होऊन ती आढ्याला जाऊन बसली. पुन्हा शिवलं, पुन्हा उडाली. दुहेरी गाठ मारली, दोन साळुंक्या उडाल्या.

"शिवण झाली का?" आढ्यावरून पहिलं पान म्हणालं.

पोवळी पुढे आली. ओटीत तिच्या पोतीचे मणी होते, सगळे वेचलेले. तिनं ते आईपुढे ओतले. "आई, यांना वेज आहे. शोभेला हेच लाव. माझ्या गळ्यात काही ते राहत नाहीत."

"पोरी, लग्नाचे मणी गं हे."

"लग्न कुठे आहे?"

चिमाबाईनं एक मणी दोऱ्यात घेतला आणि रागारागानं काटा आला त्याच भोकातून परत आत घातला. दोरा ओढला. येईना. जोरात ओढला. तरी येईना. आणखी जोरात ओढला.

ठकूबाई गाडीवरून म्हणाली, "अहो, काय ओढताय केव्हाच्या? अडकलंय ते!"

मांडवातल्या साऱ्या माना वळल्या. कित्येक महिन्यांत त्या राज्यात काही अडकलंच नव्हतं.

चिमाबाईनं वाकून पाहिलं. भोक बारीक, मणी जाड. दोरा मण्याला वळसा घालून आत परतला होता आणि मणी पाठीवर पहारा देत बसला होता. गाठ नव्हतीच, मग सुटणार काय? तिनं टोकाच्या मण्यातून दोरा तीनदा फिरवला, मेणानं चिकटवला, आणि मग काटा असा चालू लागला की बघत राहावं. घडीतून बाहेर, मण्यातून आत. एक पान, दुसरं पान. साळुंक्या आपणहून रांगेनं उतरल्या. पुढे पुढे करणारी पहिली बसली, आणि गप्प बसली. फळ्यांच्या भोकांतून दोरा नेताना चिमाबाई काळ्या मण्यांनी पाठीवर जोंधळ्याचं कणीस उठवू लागली.

"आता नक्षी कशाला? उरका की!" ठकूबाई म्हणाली.

"राजानं उरकलं, म्हणून तर तुम्ही महिनोन्‌महिने माझ्याकडे जेवताय."

कणीस पुरं झालं. राजाच्या अंगणातून मांत्रिक मांडवात येऊन बसला, आणि पोथी त्याच्या हातात गेली. त्यानं ती उघडली, मिटली, उलटी करून झाडली. एक पान हललं नाही. तो उठला, आणि त्याच क्षणी शाप उतरला. हत्तींचे दोर बसले, बाजा ताणल्या, राजाचा शेला कमरेला राहिला. रायबाचं धोतर टिकलं. पण सवय लागलेली, तो पुढे कितीतरी दिवस हातानं धरूनच चालायचा.

"बाई, काय देऊ?" मांत्रिकानं विचारलं.

"त्या मोत्यांचं काहीतरी करा. अंगणात पायाखाली येतात."

"तो शापही माझाच. रागाच्या भरात दिला होता."

"एवढा राग बरा नव्हे," चिमाबाई म्हणाली. मांडवातलं कोणी हसलं नाही, हे मोठंच झालं. मांत्रिकानं फुंकर घातली आणि मोत्यामोत्याला वेज पडलं.

पण पोवळीचे मणी तर पोथीत गेले होते! चंद्र उगवायला आला, आणि काळ्या मण्यांवाचून पोत कसली? ठकूबाई गाडीतून उतरली. आपल्या गळ्यातल्या दुपदरी पोतीतला एक पदर तिनं सोडला. "घ्या. आणि नीट ओवा. भातात पुन्हा सापडला तर बघा."

चिमाबाईनं मोत्यांत काळे मणी ओवले. हणमानं गाठ मारली. सगळ्यांनी श्वास धरला. गाठ बसली.

राजानं वाड्यातल्या सगळ्या पोथ्या चिमाबाईकडून मण्यांनी शिवून घेतल्या, आणि तोवर हात मांडीखाली घेऊन धीरानं बसला. मोत्यांनी घर भरलं, पोवळीच्या पाळण्याची दोरी कधी सुटली नाही, आणि चिमाबाई नि ठकूबाई एकाच ओट्यावर भांडत भांडत म्हाताऱ्या झाल्या. त्यांना जसं सुख लाभलं, तसं ऐकणाऱ्यांच्या घरी लाभो, आणि लाभलेलं टिको.