महाराजांची फेक

महाराजांनी फेकलेला चेंडू दौलूच्या हातून सुटला आणि दौलू गडावरच्या कोठडीत जाऊन पडला!

सुटला कसला, हातात आलाच नव्हता! दौलू धावत होता पूर्वेला आणि चेंडू गेला पश्चिमेला, थेट जिलबीवाल्याच्या कढईत. पण हे बोलणार कोण? भिवरगडच्या रणधीरराजांना झेलाच्या खेळाचं भारी वेड. एकाने चेंडू लांब फेकायचा, त्याच्या तिघा गड्यांनी धावत जाऊन तो भुईला लागायच्या आत झेलायचा आणि समोरच्यांनी तो मधल्यामधे पळवायला बघायचं, असा तो खेळ. भिवरगडाकडून फेकणार कोण? अर्थात राजे! चेंडू पडला की चूक कोणाची? अर्थात झेलणाऱ्याची! एकेक करून सगळे झेलकरी पळून गेले. राहिला होता बिचारा दौलू, तोही आता आत.

दौलूची बहीण गोजरा ही जिनगराची लेक. तालमीचे कातडी चेंडू तीच शिवायची. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, माझ्या भावाला सोडा."

"सोडतो की!" राजांनी मिशीला पीळ दिला. "संक्रांतीला सोनगडाशी सामना आहे. वाळकी गावचे हैबती, सिदू आणि येसबा, हे तिघे झेलकरी माझ्या तालमीत आण, सामना संपला की दौलू सुटला. नाही आणलेस, तर दौलू वर्षभर खाणीत दगड फोडेल!"

त्या तिघांसाठी आजूबाजूचे सगळे राजे जिवाचं रान करत होते, हे गोजराला ठाऊक होतं.

"आणि ऐक," राजे पुढे म्हणाले, "मोहरा द्यायच्या नाहीत, धाक दाखवायचा नाही आणि खोटं तर मुळीच बोलायचं नाही. मागे आमचे कारभारी त्र्यंबकपंत सांगून आले, महाराजांची फेक म्हणजे बाण! दुसऱ्या गावची पोरं आली, एक दिवस खेळली आणि फसवलं म्हणून बोंब मारत पसार झाली. असली बदनामी मला खपत नाही!"

त्र्यंबकपंतांनी खाली मान घातली. गोजरा मुजरा करून निघाली ती वाळकीलाच पोचली.

पाहते तर काय, गावच्या पारावर नुसती जत्रा! कुणाचा माणूस तुपाचे बुधले घेऊन आलेला, कुणी दुभती म्हैस बांधून ठेवलेली. मध्ये ते तिघे गडी कंटाळून बसले होते. सोनगडचा दूत हात नाचवत सांगत होता, "आमचा फेकणारा इतका नेमका, इतका नेमका, की तुम्ही नुसता हात पुढे करायचा! चेंडू आपणहून येऊन बसतो!"

हैबतीने मोठी जांभई दिली. "मागच्या साली खेळलो ना आम्ही तुमच्याकडून. झेल घेतला मी आणि लोक ओरडले, काय फेकलाय, काय फेकलाय! माझं नाव काढलं का कुणी?"

"आमचंही नाही काढलं!" सिदू फणकारला. येसबाने नुसतीच मान हलवली.

गोजराने हे ऐकलं मात्र, तिची कळी खुलली. पदर खोचून ती पुढे झाली.

"मी भिवरगडची. आमच्याकडे मोहरा नाहीत, म्हैस नाही. आणि खरं सांगू का? आमच्या महाराजांना सरळ फेकताच येत नाही!"

पारावरचे सगळे दूत खो खो हसत सुटले. "अगं बाई, तू झेलकरी न्यायला आलीस की पळवून लावायला?"

"तुम्ही हसा हो!" गोजरा म्हणाली. मग ती तिघांकडे वळली. "दादांनो, सरळ आलेला चेंडू कोणीही झेलेल. आमच्या महाराजांचा झेलून दाखवा! तिथे फेकीचं कौतुक कोणी करणारच नाही. जे काय कौतुक होईल, ते तुमचंच!"

हैबती ताडकन उठला. "वाकडी म्हणजे किती वाकडी गं, ताई?"

"मागचा चेंडू जिलबीवाल्याच्या कढईत गेला!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि काखोटीला घोंगड्या मारल्या!

संक्रांतीच्या सामन्यात राजांनी फेकलेले चेंडू चौफेर उडाले. पण हैबतीने कोलांटी मारून झेलले, सिदूने पालखीवरून उडी घेऊन झेलले, येसबाने तर एक चेंडू चिंचेच्या फांदीवरून उतरवला! भिवरगड जिंकला. लोक बेभान होऊन ओरडत होते, "वा रे हैबती! वा रे सिदू! काय झेललाय, येसबा!"

राजांचं नाव एकानेही घेतलं नाही. राजे घुश्शात आले.

"गोजरा! यांना काय सांगून आणलंस?"

दौलू अजून कोठडीतच होता. पण खोटं बोलायची तर बंदी!

"सांगितलं, की महाराजांना सरळ फेकता येत नाही."

त्र्यंबकपंतांनी डोळेच मिटून घेतले. राजांचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे माझी फेक वाईट?"

"वाईट कशी, महाराज?" गोजरा चटकन म्हणाली. "सोनगडची फेक सरळ, म्हणून आपल्या गड्यांनी ती तीनदा मध्येच पळवली. आपली त्यांना एकदा तरी पळवता आली का? महाराजांचा चेंडू कुठे जाणार, हे वैऱ्याला कधी कळलेलंच नाही!"

राजांचं पोट गदगदा हलायला लागलं.

"अगं, वैऱ्याचं काय घेऊन बसलीस! तो कुठे जाणार, ते मलासुद्धा कळत नाही!"

आणि राजे असे हसले, असे हसले, की पागोटं सुटून गळ्यात आलं! डोळे पुसत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि गोजराला दिलं.

"दौलूला आत्ताच्या आत्ता सोडा! आणि त्र्यंबकपंत, यापुढे झेलकरी आणायला तुम्ही नाही जायचं. ही जाईल, माझ्या पालखीतून! आणि पोरी, कोणी माझ्या फेकीबद्दल विचारलं, तर बेलाशक खरं सांग!"