चपलेचा मासा

एकदा एका मोठ्या जलाशयाच्या काठी एक म्हातारा राहत असे. तो चपला शिवत नसे, विकतही नसे; तरी त्याच्या छपरापुढे जुन्या रबरी चपलांचा ढीग पडलेला असे. पाणी ओसरले की काठच्या गाळात अशा चपला सापडत, बहुधा एकाच पायाच्या. म्हातारा त्या गोळा करी, धुऊन वाळवी आणि त्यांच्या तळातून खोट्या माशांची बोराएवढी डोकी कापी. डोक्याची खालची बाजू सपाट, मानेशी उभी कड, पोटातून गळ आणि शेपटीला कोंबड्याची पिसे. असा खोटा मासा दोरीने ओढला की पाणी त्या कडेला खाली रेटते आणि मासा डुबकी मारतो. लवचीक काठीने, जड दोरीच्या जोरावर, तो दूर फेकायचा आणि मरळीसारख्या चलाख माशाला भुलवायचे, हा नाद असलेले लोक लांबून त्याच्याकडे येत.

त्याच्याकडे एक मुलगी शिकायला आली. कॉलेजात विज्ञान शिकलेली, हाताला चपळ आणि जिभेलाही. घरच्यांनी तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर या कामात पाय रोवले नाहीत, तर मामाने शहरात ठरवलेल्या नोकरीवर रुजू व्हायचे होते. नोकरी वाईट नव्हती. पण पिसे बांधताना तिला दिवस कधी मावळला ते कळत नसे, आणि असे तिला दुसऱ्या कशातच झाले नव्हते.

पाच महिन्यांत ती सारे शिकली. मात्र एक गोष्ट तिच्या मनाला खात राही. म्हातारा काही म्हणजे काही सांगत नसे. "बाबा, ही कड इतकीच उंच का?" असे विचारले की तो म्हणे, "कापत राहा, कळेल." "आणि चपलाच का?" "कळेल." कळेल, कळेल, कळेल. आपल्याला ठाऊक आहे ते सांगितले तर यांच्या गाठीचे काय जाते, असे ती मनात म्हणे, आणि कधी कधी मोठ्यानेही.

अखेर तिने आपल्या बुद्धीने सुधारणा केली. म्हाताऱ्याचे मासे थोडे बुडत आणि परत वर येत. डुबकी मारणारा मासा वर येतोच कशाला? हा तर दोष झाला. तिने लाकडाची सुबक डोकी कोरली, प्रत्येकाच्या गळ्याखाली शिशाचा थेंब ओतला, वर रंगाचे तीन हात दिले. असे दहा मासे केले. पंधरा दिवस ते पाण्यात टाकून पाहिले. मरळ मागे येई, पाही आणि वळून जाई. मुलीला वाटले, रंग चुकला. तिने रंग बदलला. मग पुन्हा बदलला.

दिवाळी आठ दिवसांवर आली आणि शहरातल्या एका व्यापाऱ्याचा निरोप आला: उद्या सकाळी येतो, तुमच्याकडच्या मुलीच्या हातच्या माशाला माझ्यासमोर मरळ लागली, तर वर्षभर तिच्याकडूनच माल घेईन.

त्या संध्याकाळी म्हाताऱ्याने पाण्याने भरलेले घंगाळ तिच्यापुढे ठेवले. "टाक तुझे मासे."

तिने दहाही टाकले. दहाही तळाशी गेले.

"बघा, कसे सरळ जातात," ती म्हणाली.

म्हातारा उठला. वळचणीला खोचलेला एक मासा त्याने काढून आणला. तिने पहिल्याच आठवड्यात केलेला, निळ्या चपलेचा, एक डोळा कपाळावर आणि दुसरा गालावर. त्याने तो घंगाळात सोडला. तो तरंगला. म्हाताऱ्याने त्याच्यावर एक धोंडा ठेवून तो तळाशी दाबला आणि हात पुसले.

"सकाळी माणूस येणार, आणि तुम्ही चपलेला पाण्यात कोंडताय?"

"राहू दे रात्रभर."

"का?"

"कळेल."

तिने दात आवळले आणि ती झोपायला गेली.

सकाळी म्हाताऱ्याने धोंडा उचलला. निळा मासा टुणकन वर आला. तो त्याने तिच्या हातावर ठेवला. तिचे दहा सुंदर मासे मात्र त्याने डब्यात भरले, डबा जमिनीवर ठेवला आणि तो त्यावर ऐसपैस बसला.

"बाबा, उठा."

"गुडघे दुखतात."

"माझं वर्ष आहे त्या डब्यात."

"म्हणूनच बसलोय."

एवढ्यात व्यापारी आलाच. त्याने तिच्या हातातला वाकड्या डोळ्यांचा मासा पाहिला आणि सभ्यपणे काही बोलला नाही. आता म्हाताऱ्याला ओढून उठवणे बरे दिसले नसते. मुलगी तणतणत काठावर गेली आणि तिने काठी फिरवली. मासा लव्हाळ्यापाशी पडला. ती भराभर दोरी ओढू लागली. मासा बुडाला आणि बुडालेलाच तिच्या पायापर्यंत आला. काही नाही. दुसऱ्यांदा तसेच. तिसऱ्यांदा पाण्याखाली एक काळी सावली त्याच्यामागे आली आणि निघून गेली. व्यापाऱ्याने घड्याळ पाहिले.

चौथ्यांदा मासा अर्ध्या वाटेवर असताना मागून म्हातारा म्हणाला, "फार ओढतेस."

झाले. पाच महिन्यांचा राग तिच्या तोंडाशी आला. ती गर्रकन मागे वळली. "मग कसं ओढू ते तरी सांगा! आजवर एक धड वाक्य बोलला नाहीत, आणि आज, या माणसासमोर..."

बोलता बोलता तिचा हात थांबला होता. दोरी सैल पडली. तिच्या पाठीमागे निळा मासा सावकाश वर आला, पाण्यावर टेकला आणि हलकेच डुलला.

पाणी फुटले. काठी हातातून निसटता निसटता तिने पकडली. कधी दोरी सोडत, कधी ओढत ती झुंजत राहिली. अखेर हाताएवढी लांब मरळ काठावर आली.

व्यापारी खाली वाकला. "डोकं कशाचं आहे हे?"

ती क्षणभर अडखळली. "चपलेचं," ती म्हणाली.

"असेच पाठवा. डोळे सरळ केले तरी चालतील," असे म्हणून तो हसला आणि आपला पत्ता देऊन गेला.

मुलगी म्हाताऱ्यासमोर येऊन बसली. म्हातारा डब्यावरून उठला आणि या खेपेला तिने न विचारताच बोलला.

"पोरी, तू डुबकी म्हणजे वजन समजलीस. शिसं घातलेला मासा बुडतो खरा, पण बुडालेलाच राहतो. तळाशी धोंडे पुष्कळ आहेत, मरळ त्यांच्याकडे बघत नाही. खाली ओढलं गेलं आणि ओढ सैल होताच वर आलं, ते तिला जिवंत वाटतं. खाली नेणारी ओढ दोरीची असते. वर येणं त्याच्या अंगचं असतं. म्हणून जे बुडवायचं, ते आधी तरंगणारं हवं. तुझे ते दहा सुंदर आहेत, पण त्यांच्या अंगात वर येणं नाही. या निळ्याच्या अंगात आहे. रात्रभर धोंडा सोसूनही आहे."

मुलीने ऐकून घेतले. तिला घरची मुदत आठवली, मामाची नोकरी आठवली, काल रात्रीचे आपले आवळलेले दात आठवले. छातीत काहीतरी सावकाश वर येऊन टेकले. पण ती गप्प बसणारी नव्हती.

"पटलं," ती म्हणाली. "पण बाबा, हे काल सांगता आलं असतं. पाच महिन्यांपूर्वीही सांगता आलं असतं. आज मी भांडायला वळले म्हणून हात थांबला. वळले नसते तर?"

म्हाताऱ्याने डबा तिच्यापुढे सरकवला.

"माझ्या गुरूनं मला तीन वर्षं सांगितलं नाही," तो म्हणाला. "मला वाटत होतं, न सांगणं हेच शिकवणं." आणि मग, "सांगायला हवं होतं."

ती भांडणाची पुढची चार वाक्ये तयार ठेवून बसली होती. वाक्ये तशीच राहिली.

"जा आता, मरळीचं कालवण टाक," म्हातारा म्हणाला.

"कालवण तुम्ही टाका. मला पुष्कळ काम आहे."

आणि ती टोपली घेऊन काठाने निघाली, गाळातल्या चपला वेचत. म्हातारा मरळ साफ करायला बसला. थोड्या वेळाने त्याने तिला लांबूनच हाक मारली, "काळ्या घेऊ नकोस, त्या पाणी पितात!"

ती थांबली. तिने न विचारता त्याने कारणासकट सांगितलेली ही दुसरी गोष्ट होती.

ओढ कोणालाच चुकत नाही. आपण कशाचे घडलो आहोत ते ओढ सैल पडल्यावर कळते. आणि ज्याला ते आधी कळले आहे, त्याने मागून येणाऱ्याला सांगून टाकावे.