परत पाठवलेल्यांची यादी

एकदा एका विणकरांच्या नगरीत माग एकामागून एक बंद पडले, तेव्हा तिथल्या राजाने विणकरांना गवंडीकाम शिकवणारी शाळा काढली. वर्ष सरल्यावर, एवढा खर्च सत्कारणी लागला की वाया गेला हे सांगण्याचं काम त्याने एका वृद्ध आचार्यांवर सोपवलं. सोबत त्यांचा शिष्य होता. शाळेत कोणाला घ्यावं याची परीक्षा त्यानेच आखली होती.

"गुरुजी, साठ जण शिकले, त्यांतले बावन्न कामाला लागले!" शिष्याचा आनंद पोटात मावेना. "आता बघायचं काय राहिलं?"

आचार्यांनी त्या बावन्नांपैकी एकाचीही भेट घेतली नाही. त्यांनी मागितली दारातून परत पाठवलेल्यांची यादी! शिष्याला वाटलं, गुरुजींचं आता वय झालं.

परीक्षा साधीच होती. विटांचे चार थर ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभे, रचून दाखवायचे. यादीत वीस जण असे निघाले, की ज्यांची भिंत सरळ आली होती, पण जागा भरल्या म्हणून त्यांना परत जावं लागलं. गुरुशिष्यांनी दोन दिवस पायपीट करून त्यांना गाठलं. अहो, त्या विसांतले सतरा जण आपले आपणच गवंडीकामाला लागलेले! शिष्याचा चेहरा उतरला.

तिसऱ्या दिवशी ते त्याच यादीतल्या, पण परीक्षेत नापास झालेल्या धुरपदाबाईंकडे गेले. बाईंचा सारा जन्म मागावर गेलेला. आता घरात चूल पेटायची मारामार.

"माझी भिंत कलली, बाबा," बाई म्हणाल्या. "शाळेचा मुकादम म्हणाला, हात बसला की या. आता तुम्हीच सांगा, हात बसवायलाच तर गेले होते ना मी? यंदा तरी घेतील का?"



बाहेर आल्यावर आचार्य म्हणाले, "ज्यांना विटा रचता येत होत्या, त्यांनाच आपण विटा रचायला शिकवलं. ते शाळेवाचूनही उभे राहिले असते. जे एरवीही घडलंच असतं, त्याचं श्रेय शाळेला कसं द्यायचं?"

"पण हे लिहिलं तर महाराज शाळाच बंद करतील!"

"करतीलही. आणि नाही लिहिलंस, तर तुझी परीक्षा या बाईला दरवर्षी दारातून परत पाठवील."

शिष्याने सगळं खरं लिहिलं. परीक्षा माझी होती, ती काढून टाकावी, पण शाळा राहू द्यावी, असंही काकुळतीने लिहिलं. राजाने अर्धंच वाचलं आणि शाळेला कुलूप ठोकलं.

ते सांगायला शिष्य एकटाच गेला. धुरपदाबाई म्हणाल्या, "म्हणजे शाळा वाईट होती का रे?"

"ते कुणालाच कळलं नाही, मावशी." शिष्य म्हणाला. "जिला शिकवून ते कळलं असतं, तिला मी आत घेतलंच नाही."