धुराड्याची कल्हई

डोंगरमाथ्यावरची मानसिंगराव जहागीरदारांची हवेली लांबून उठून दिसे, आणि जहागीरदारांना दिसण्याचीच हौस फार. ऐन थंडीत दिवाणखान्याच्या भिंतीत बांधलेल्या शेकोटीचं धुराडं आतून तडकलं आणि धूर भिंतीतून माडीवर झिरपू लागला. तिथे त्यांची बाळंतीण लेक निजलेली. तिचं तान्हं खोकून खोकून लालबुंद होई.

मिस्त्री म्हणाला, “जुन्या धुराड्याच्या आत वरपासून खालपर्यंत भाजक्या मातीची नवी नळी बसवावी लागेल, सरकार.”

“आत कोण बघतंय?” जहागीरदार गरजले. “पाहुणे यायचेत. बाहेरून चुना फासा, झकास दिसेल!”

त्यांच्या पत्नी सुंदराबाईंनी ते दारातून ऐकलं. दुपारी चिंचेचं सार वाढायला त्या स्वतः आल्या. पितळी पातेलं असं घासलेलं, की त्यात तोंड दिसावं. त्यांनी पळी उचलली, तसं जहागीरदारांनी आत डोकावून पाहिलं आणि वाटीवर हात आडवा धरला.

“अहो, याला आतून कल्हई कुठंय? आंबट सार पितळेत कळकलंय! जीव घेता का माझा?”

“आत कोण बघतंय?” सुंदराबाई म्हणाल्या. “बाहेरून कसं झकास दिसतंय!”

जहागीरदारांचा हात वाटीवर तसाच राहिला. माडीवरून बाळाचं खोकणं ऐकू आलं.

“मिस्त्रीला बोलवा,” ते हळूच म्हणाले.

“तो केव्हाच नळ्या घेऊन छपरावर चढलाय,” पातेलं बाजूला सारत सुंदराबाई म्हणाल्या. “थांबा, तुमचं सार आत चुलीवर आहे. कल्हईच्या पातेल्यात.”